मोडकळीस आलेल्या मोटारीचे काय करावे? प्रीमियर पद्मिनी, भायखळा आणि वस्तुरूप इतिहासाचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, दफ्तरे, नाणी, बखरी उभ्या राहतात. विसाव्या शतकातील कारखान्यात तयार झालेली, हजारोंच्या संख्येने रस्त्यावर धावलेली आणि आता गंजून उभी असलेली मोटार ही वस्तू सहसा त्या यादीत येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अशीच एक मोटार आहे.

भायखळ्यातील एका जुन्या चाळीच्या अंगणात ही प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचे मालक मूळचे संगमेश्वर तालुक्यातील, आज वयाने सत्तरीपुढचे. त्यांचा मुलगा प्रस्तुत लेखकाचा माजी विद्यार्थी. गाडीची पहिली नोंदणी १९७७ सालची, टॅक्सी म्हणून. पुढे परवाना सोडून ती खासगी वाहन म्हणून नोंदविली गेली आणि काळ्या-पिवळ्या रंगावर पांढरा रंग चढला. २६ जुलै २००५ रोजी ती कुर्ल्यात होती. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दक्षिणेकडे कुलाब्यात जेमतेम ७० मिलिमीटरच्या आसपास. भायखळ्यात उभी असती तर कदाचित वाचली असती. कुर्ल्यात ती मिठी नदीच्या पाण्यात डॅशबोर्डपर्यंत बुडाली. दोरखंडाने ओढून घरी आणली, ती परत चालू झाली नाही. ज्या कुर्ल्यात ती जन्मली तेथेच ती निकामी झाली, हा योगायोग मालक आवर्जून सांगतात.

आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे व अंगण रिकामे करावयाचे आहे. मुलाचे म्हणणे, भंगारात द्यावी. नात्यातील एका गृहस्थाने ती पूर्ण नवी करून लग्नसमारंभांसाठी भाड्याने देण्याची कल्पना मांडली. मालकांनी प्रस्तुत लेखकाला विचारले, "सर, तुम्ही इतिहासवाले. तुम्हीच सांगा, हिचं काय करायचं?" या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

भायखळा : मोडलेल्या वस्तूंचा मुक्काम

असा प्रश्न भायखळ्यात उपस्थित व्हावा यात एक औचित्य आहे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या, म्हणजे लोकांच्या राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळ घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले ते याच्याचमुळे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला. उचलताना साखळी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्यास आणले गेले आणि १९१४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी, पुन्हा जोडण्यात आले. आज बागेत येणारी मुले ज्या हत्तीसमोर फोटो काढतात तो अखंड हत्ती नव्हे, फुटलेला व जोडलेला हत्ती आहे. त्याच्या अंगावर मूळ शिल्पकाराइतकाच त्याला पळवू पाहणाऱ्यांचाही इतिहास आहे.

याच परिसरात स्वातंत्र्योत्तर काळात शहराने नाकारलेले पुतळे आले. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, ज्याच्यामुळे फोर्टातील चौकाला 'काळा घोडा' हे नाव पडले, तो १९६५ साली तेथून हलवून भायखळ्यास ठेवण्यात आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही येथेच विसावला. पुतळे वितळवले नाहीत, चौकातही ठेवले नाहीत. 'सध्या भायखळ्यास असू द्या' असा मधला मार्ग काढला गेला. गंमत अशी की २०१७ साली काळ्या घोड्याच्या जागी पुन्हा एक घोडा उभारण्यात आला, मात्र स्वाराविना. मूळ वस्तू आहे त्या अवस्थेत जपणे आणि तिच्या आठवणीसाठी नवी घडविणे या दोन भिन्न कृती होत, हे या दोन घोड्यांवरून सहज ध्यानात येते.

स्वतः संग्रहालयाची कथाही हेच सांगते. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने खुले झालेले, १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव लाभलेले हे संग्रहालय पुढे दुरवस्थेला पोहोचले होते. २००३ ते २००८ या काळात त्याचे जतनकार्य झाले आणि २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. भायखळा रेल्वे स्थानकाच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोने गौरविले. इमारतीचे काय करावे हे भायखळ्याला ठाऊक आहे. दगड, पुतळा, इमारत या सर्वांसाठी काही ना काही उत्तर सापडले. पत्र्याच्या मोटारीसाठी ते का सापडू नये?

पद्मिनीची जडणघडण

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. त्यापूर्वी मुंबईत मोटारींची जुळणी होत होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत कारखाना काढला होता. परंतु तेथे परदेशातून आलेले सुटे भाग एकत्र बसविले जात. देशातच मोटार घडवावी ही वालचंदांची आकांक्षा होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम क्रायस्लर समूहाच्या गाड्या आणि पन्नाशीच्या दशकापासून इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग क्रमाने देशातच तयार करण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरणामुळे १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळावा लागला आणि कुर्ल्याला मोकळे मैदान मिळाले. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली. तिचेच नाव पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाले. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटले.

१०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा, पुढे सलग बाक. रचनेतील एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जुन्या मोटारींत खाली स्वतंत्र चौकट व तिच्यावर बसविलेला सांगाडा असे. या गाडीत सांगाडा हीच चौकट आहे. म्हणून तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी गंजल्या की गाडीचा कणाच गंजतो. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे हा पत्रा दुबळा ठरतो. भायखळ्याच्या अंगणातील गाडीत मागच्या आसनाखाली हात घातला तर जमीन लागते. इंजिन बदलता येते, काचा मिळतात. पण तळ बदलला की मूळ गाडी किती उरली हा प्रश्न अटळ होतो.

परवाना राजवटीत ही गाडी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्ग हळूहळू तिकडे वळला. टॅक्सीचालक मात्र पद्मिनीशी एकनिष्ठ राहिले. पत्रा जाड, दुरुस्ती सोपी, भाग सर्वत्र उपलब्ध. डाव्या बाजूला बाहेर बसविलेला यांत्रिक मीटर, तो खाली पाडल्याचा आवाज, टपावरचे सामान : गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वर्णन करून सांगावे लागत नाही. उत्पादन २००१ मध्ये थांबले. मुंबईतील टॅक्सीची वयोमर्यादा २००८ मध्ये पंचवीस व २०१३ मध्ये वीस वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदविली गेली होती. वीस वर्षे पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. किमान एक टॅक्सी जपून ठेवावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने शासनाकडे केली होती, तिला यश आले नाही.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बसही शेवटची धावली. पण बस ही एका संस्थेची मालमत्ता होती आणि त्या संस्थेचे स्वतःचे संग्रहालय आणिक आगारात आहे. टॅक्सीचे तसे नाही. ती हजारो वेगवेगळ्या माणसांची होती, म्हणून एकत्रितपणे ती कोणाचीच नव्हती.

कायद्याच्या नजरेतून

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेष ठरू शकते. सदर गाडीला त्यासाठी २०७७ सालाची वाट पाहावी लागेल. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली लागू केली, ती इमारतींसाठी व परिसरांसाठी. चालत्या वस्तूला तिच्यात स्थान नाही.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुने, खासगी वापराचे आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आपली गाडी २०२७ मध्ये पन्नाशी पूर्ण करील. पण तळ बदलल्याशिवाय ती चालणार नाही आणि तळ बदलला तर 'मोठा फेरफार नाही' असे म्हणता येईल काय? शिवाय जी टॅक्सी शेवटपर्यंत टॅक्सी म्हणूनच जगली, तिला हे दार बंदच आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारींना सोयीचा असा हा नियम आहे. कष्टकऱ्यांच्या मोटारीचा विचार त्यात झालेला दिसत नाही.

भंगाराच्या मार्गातही इतिहासाच्या अभ्यासकाला बोचणारी एक गोष्ट आहे. नोंदणी रद्द करताना चेसिस क्रमांक कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून कार्यालयात जमा करण्याची पद्धत आहे. गैरवापर टाळण्यासाठी ती योग्यच आहे. पण दफ्तरातील कागद आणि प्रत्यक्ष वस्तू यांना जोडणारा एकमेव दुवा नेमका तोच असतो. उरलेला पत्रा मग कोणत्याही गाडीचा असू शकतो.

दुरुस्ती की जतन?

नातेवाइकांच्या सूचनेप्रमाणे गाडी 'नवी' केली तर काय होईल? गंजलेला पत्रा कापून नवा जोडतील, खळग्यांत लांबी भरतील, घासून गुळगुळीत करतील आणि चकचकीत रंग मारतील. या कामातील कसब वादातीत आहे. मात्र त्या गाडीत आज तीन गोष्टी वाचता येतात. पांढऱ्या रंगाचे पोपडे उडाले आहेत तेथे खाली पिवळा व काळा दिसतो. डाव्या बाजूला मीटरच्या पट्टीची, बुजविलेली पण ओळखू येणारी भोके आहेत. आणि दारांच्या आतल्या बाजूस, चौफेर एकाच पातळीवर, वाळलेल्या गाळाची एक रेघ आहे. ती २६ जुलैची रेघ. त्या दिवसाचे अहवाल, छायाचित्रे पुष्कळ आहेत. पाण्याने स्वतः काढलेली खूण जपलेली वस्तू किती असतील? एका दिवसाच्या धुलाईत ती नाहीशी होईल, आणि गाडी १९७७ साली कारखान्यातून निघाली तशी दिसू लागेल. म्हणजे ज्या काळात ती केवळ एक विकाऊ माल होती, त्या काळात तिला परत पाठवून तिने प्रत्यक्ष जगलेली वर्षे पुसली जातील.

वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने हा विचार मांडला. ऐतिहासिक वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद त्याच धर्तीवर, शक्य तेथे नूतनीकरणापेक्षा जतनाला झुकते माप देते. इटली-स्वित्झर्लंडमधील माज्जोरे सरोवराच्या तळाशी अनेक दशके पडून राहिलेली एक बुगाटी २००९ साली वर काढण्यात आली. गंजून जाळी झालेली ती मोटार विकत घेणाऱ्या अमेरिकेतील संग्रहालयाने तिची दुरुस्ती न करता ती तशीच प्रदर्शित केली. अर्थात बुगाटी दुर्मीळ होती. पद्मिनी सर्वत्र होती, आणि सर्वत्र असलेल्या वस्तूची किंमत ती कोठेच नसताना कळते.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की ही गाडी भंगारातही जाऊ नये आणि लग्नाच्या वरातीतही. गंज पुढे सरकणार नाही इतकाच उपचार करावा, छप्पर द्यावे, रंगाचे थर व गाळाची रेघ यांना हात लावू नये. परवान्याचे कागद, पावत्या व मालकांचे कथन तिच्यासोबत ठेवावे. याला जागा लागते, आणि मुंबईत जागा मागणे म्हणजे काय हे वाचकांस सांगावयास नको. एका शासकीय कार्यालयाकडे व दोन संस्थांकडे विचारणा करून झाली. उत्तरे सौजन्यपूर्ण होती. शिवाय मुलाची बाजूही नाकारता येत नाही. वडिलांची आठवण सांभाळण्याचा खर्च त्याच्या पगारातून जाणार आहे, इतिहास विभागाच्या निधीतून नव्हे.

जागा न मिळाल्यास दुसरा पर्याय म्हणून गाडीची मापे, छायाचित्रे, चेसिस व इंजिन क्रमांक यांची तपशीलवार नोंद विद्यार्थ्यांच्या मदतीने पूर्ण केली आहे. मालकांशी तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत त्यांनी कपाटातून जुना मीटर काढून टेबलावर ठेवला. टॅक्सी सोडली तेव्हा तो परत करावयाचा राहून गेला होता, असे ते म्हणाले. मीटर नको, पण गाळाची रेघ असलेले डावे मागचे दार तरी राहू दे, असे मुलगा आता म्हणू लागला आहे. वडिलांना दार वेगळे काढणे मान्य नाही. अंगण रिकामे करण्याची मुदत विकासकाने दिवाळीपर्यंत वाढवली आहे.