मातीचा मावळा आणि घरचा इतिहास



दिवाळी जवळ आली म्हणजे आटपाडीपासून पुण्यापर्यंत मुलें दगडमाती रचून किल्ला करितात. उतारावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ति बसवितात आणि बुरुजांवर बाजारांतून आणलेले मातीचे मावळे उभे करितात. महाराजांना आपण ओळखतों. पण त्या मावळ्यांचीं नांवें काय? एकाच सांच्यांतून निघालेले ते सगळे सारखेच दिसतात. त्यांपैकीं एखाद्याला आपल्याच घराण्यांतल्या पुरुषाचें नांव देतां येईल काय, याचा आज थोडा विचार करूं.

लढाईचा खेळ हा केवळ पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या सैन्यांत 1824 सालीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावर सोंगट्या मांडून युद्धाचा खेळ सुरू झाला. पुढें 1913 सालीं एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें खेळण्यांतल्या शिपायांनीं लढावयाच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. आज कित्येक हौशी खेळाडू आपल्या आजापणजांच्या पलटणीचा पोशाख त्या बाहुल्यांवर रंगवितात.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. अनेक मराठी घरांत देवांच्या टाकांशेजारीं वीराचाहि टाक असतो. चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठविलेला तो घोडेस्वार म्हणजे लढाईंत पडलेला त्या घरचा पूर्वज. देव्हाऱ्यांत त्याची पूजा होते. मुलांच्या किल्ल्यावर मात्र त्याला कोणी आणीत नाहीं.

आणावयाचा तर आधीं चौकशी केली पाहिजे. तो शिलेदार होता कीं बारगीर? शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला तो सरकारांतून मिळे. कोणी स्वार नसून पखालजी किंवा घोड्यांचा मोतद्दार असेल. अशा माणसाला भरजरी पोशाख घालून घोड्यावर बसविणें म्हणजे खोटी सनद तयार करण्यासारखें आहे. पणजोबा 1914–18 च्या महायुद्धांत मेसापोटेमियांत लढले असतील, तर त्यांना खाकी वर्दीच शोभेल. घरांतलीं वडीलधारीं माणसें, माळ्यावरचीं दप्तरें आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद हीं या चौकशीचीं साधनें होत. त्या दफ्तरांतील निवडक कागदांचे 45 खंड रियासतकार सरदेसायांनीं संपादिले आहेत.

आटपाडीच्या मुलांना नमुन्याचा किल्ला शोधावयास दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या खानापूर तालुक्यांत बाणूरचा भूपाळगड आहे. 1679 सालीं दिलेरखानानें तो जिंकला, तेव्हां फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता. हातीं लागलेल्या सातशे लोकांचा एकेक हात खानानें तोडविला, असें इतिहासकार सांगतात. किल्लेदाराचें नांव राहिलें. त्या सातशे जणांचीं नांवें गेलीं. आणि त्या वेळीं खानाच्या छावणींत कोण होते? खुद्द संभाजीराजे!

म्हणूनच पूर्वज कोणत्या बाजूस होता, हें विचारावयास आपण भिऊं नये. आदिलशहाची किंवा मोगलांची चाकरी केलेलीं मराठी घराणीं थोडीं नव्हतीं. आपला पुरुष तटाच्या आंत नसून बाहेर असल्याचें कागद सांगत असेल, तर मावळा बाहेरच उभा करावा. त्यानें घराण्याला कमीपणा येत नाहीं. खोट्या मोठेपणानें मात्र इतिहासाला येतो.

मावळ्याच्या तळाशीं नांव व गांव लिहावें; माहिती कोणी सांगितली, तेंहि एका चिठ्ठींत लिहून ठेवावें. जें कळलें नाहीं, ती जागा कोरी सोडावी. दिवाळी सरली कीं किल्ला मोडेल. तो एक मावळा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. आणि आजीला विचारण्याचें काम पुढच्या वर्षावर टाकूं नका. कागद उशिरां सांपडला तरी चालेल. आजीच्या आठवणी तशा थांबून राहत नाहींत.