चुंबकप्रकाशीय झडप : मागे पडलेल्या एका तंत्राचा इतिहास

प्रस्तावना :
यशस्वी तंत्रांचा इतिहास आवर्जून लिहिला जातो. मागे पडलेल्या तंत्रांची नोंद क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात चुंबकप्रकाशीय झडपेच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

उगम :
मायकेल फॅरडे यांनी १८२५ नंतरची काही वर्षे रॉयल सोसायटीसाठी दुर्बिणीच्या भिंगांची काच सुधारण्यात खर्ची घातली. भिंगांच्या दृष्टीने या परिश्रमांचे फारसे चीज झाले नाही. मात्र १३ सप्टेंबर १८४५ रोजी, त्यातूनच निर्माण झालेल्या शिसेयुक्त जड काचेतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल चुंबकीय क्षेत्रामुळे फिरते, असे त्यांना आढळले. प्रकाश व चुंबकत्व यांच्या संबंधाचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय.

विकास :
काचेतील हे परिवलन अत्यल्प असते. १९५६ मध्ये बेर्तो व फोरा यांनी फ्रान्समध्ये यट्रियम-लोह गार्नेटचा शोध लावला. अशा गार्नेटमध्ये बिस्मथ मिसळल्यास परिवलन अनेक पटींनी वाढते. पुढे चुंबकीय बुडबुडा-स्मृतीच्या संशोधनामुळे गार्नेटचे पातळ, निर्दोष थर वाढविण्याचे तंत्र प्रगत झाले. १९८३ मध्ये रॉस, साल्टिस व अँडरसन यांनी अशा थरावर चौकोनी घरांची जाळी रचून ती प्रकाशीय संस्करणासाठी मांडली. आडव्या व उभ्या वाहकांतील विद्युतप्रवाह एका घरापाशी एकत्र आले की त्या घराचे चुंबकन उलटते आणि दोन ध्रुवकांमधून प्रकाश जातो किंवा अडतो. वीज खंडित झाली तरी ही स्थिती टिकून राहते.

मर्यादा :
थराची जाडी वाढविल्यास परिवलन वाढते, परंतु प्रकाशाचे शोषणही वाढते. निळ्या प्रकाशात हे शोषण विशेष तीव्र असल्याने रंगीत पडद्याचा मार्ग खडतर झाला. शिवाय प्रत्येक घराच्या मुख्यतः दोनच अवस्था असल्याने करड्या छटा दाखविणे कठीण होते. स्वस्त द्रवस्फटिक पटलांपुढे ही झडप टिकली नाही.

निष्कर्ष :
काच भिंगासाठी घडविली गेली आणि मूलभूत शोधास उपयोगी पडली. गार्नेटचे थर स्मृतीसाठी विकसित झाले आणि झडपेस उपयोगी पडले. बुडबुडा-स्मृती व झडप दोन्ही मागे पडल्या, तरी बिस्मथयुक्त गार्नेट आज प्रकाशतंतू संदेशवहनात लेसरकडे परतणारा प्रकाश अडविण्याचे काम करीत आहे. संशोधनाचे मूल्यमापन केवळ घोषित उद्दिष्टाच्या पूर्ततेवरून केल्यास फॅरडे यांची काचही निष्फळ ठरली असती, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.