मणी, सूत आणि तोळा

सातपूर हे गाव नाशकाहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आज ते नाव उच्चारताच कारखान्यांचे भोंगे, पाळीवर जाणारे कामगार आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु मूळच्या गावठाणात अद्याप काही जुनी घरे आहेत, आणि त्या घरांतून दागिन्यांचे जुने डबेही आहेत. अशाच एका आप्तांच्या घरी गेल्या दिवाळीत एक लहानसा प्रसंग घडला. तोच प्रस्तुत लेखास कारण झाला. घरातील वृद्ध आजींची बोरमाळ, सूत कुजलेले असल्यामुळे, हातात घेताच तुटली आणि मणी घरभर झाले. ते वेचून सून सराफाकडे घेऊन गेली. सराफाने ते काट्यात टाकले, एक मणी चेपून पाहिला आणि सांगितले की, आत सगळी लाख आहे, वर नुसता सोन्याचा पत्रा. मोडून टाका आणि एखादी अंगठी करून घ्या. सल्ला व्यवहाराचा होता आणि खोटाही नव्हता. सून घरी येऊन हे सांगू लागली तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "अगं, मणी कुठं गेलेत? दोरा गेलाय. पटवेकऱ्याकडे न्यायचं ते सराफाकडे कशाला नेलंस?"

पटवेकरी म्हणजे रेशमाच्या वा सुताच्या दोऱ्यात मणी गाठवून देणारा, त्याला गोंडा लावून देणारा कारागीर. एकेकाळी सराफकट्ट्याच्या आसपास त्याची बैठक असे, आणि सणावारांच्या आधी गावातील बायका आपल्या पोती, माळा नव्याने गाठवून घेण्यासाठी त्याच्याकडे जात. सराफ दागिना तोलतो. पटवेकरी तो ओवतो. दागिन्याकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी आहेत, आणि त्यांपैकी पहिलीच आपल्या सुशिक्षित घरांतून शिल्लक राहिली आहे. दुसरी हरवल्यामुळे आपले नुकसान किती झाले, हे पाहावयाचे असेल तर मण्यांचा इतिहास थोडा चाळला पाहिजे.

प्रथम दागिन्यांची नावेच घ्या. बोरमाळ, जवमाळ, जोंधळी पोत, बकुळीहार, पोहेहार ही सर्व नावे शेतातून, रानातून आणि स्वयंपाकघरातून आलेली आहेत. सोन्याचा मणी बोरासारखा, जवासारखा, जोंधळ्यासारखा घडवावा असे सोनाराच्या मनात येण्यापूर्वी माणसाने बिया आणि फुलेच गळ्यात घातली असतील, असे अनुमान केल्यास ते वावगे होणार नाही. तुळशीचा मणी वारकऱ्याच्या गळ्यात आणि रुद्राक्ष त्र्यंबकेश्वराच्या यात्रेकरूच्या हातात आजही आहेच. ह्या सर्वांत गुंजेची गोष्ट मोठी बोलकी आहे. तांबडी, काळ्या डोळ्याची ही बी पोरींनी दोऱ्यात ओवली, आणि तीच बी सोनाराने तराजूत टाकली. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा म्हणजे एक तोळा. जी बी स्वतः अलंकार होती तीच पुढे अलंकाराचे माप झाली. आपण मात्र तराजूतील गुंज तेवढी ध्यानात ठेवली आणि दोऱ्यातील गुंज विसरलो.

आता दूरच्या काळात जाऊ. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात पुरातत्त्वज्ञ साळी ह्यांनी उत्खनन केले. त्यात पुराश्मयुगाच्या उत्तर काळातील, म्हणजे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्या वेळी महाराष्ट्रात शहामृग होते, शेती नव्हती, धातू नव्हता, मडकेही नव्हते. कवचाचा एक तुकडा घेणे, त्याच्या कडा घासून त्यास गोल करणे आणि न फोडता त्यास वेज पाडणे, हे काम किती चिकाटीचे आहे, हे ज्याने अंड्याचे कवच हातात धरले आहे त्यास सांगावयास नको. पोट भरण्याची एवढी विवंचना असताना माणसाने हा उद्योग केला. ह्याचा अर्थ दागिना हा सुबत्तेचा शेवटचा थर आहे, ही आपली समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

पाटण्याहून नेवाशास यावे. प्रवरेच्या काठच्या ह्या गावी १९५४ ते १९५६ ह्या काळात डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. मूल दगावले तर त्यास घराच्याच जमिनीखाली, मडक्यांची तोंडे एकमेकांस लावून, पुरण्याची त्या लोकांची चाल होती. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली; आणि विशेष हे की तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या वेजांतील दोरा कुजला नव्हता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस ह्यांचे तंतू आढळले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली येथेही मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा मिळाला. आपल्या देशातील रेशमाच्या व जवसाच्या धाग्याच्या अतिप्राचीन पुराव्यांत ह्या दोन माळांची गणना होते. त्या माळा कुणी तोलावर विकल्या असत्या तर तांबे किती भरले असते? परंतु कुणा आईने आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यातून माळ काढून घेतली नाही, म्हणून आपणास त्या काळचा दोरा ठाऊक झाला.

ह्याच नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपले भाष्य सांगितले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. गीतेच्या सातव्या अध्यायात विश्व आणि ईश्वर ह्यांच्या संबंधास मणी आणि सूत ह्यांचा दृष्टान्त दिलेला आहे. त्यावर बोलताना ज्ञानेश्वरांनी मणी आणि सूत दोन्ही सोन्याचीच कल्पिली आहेत. मणी दिसतो आणि सूत दिसत नाही. पण माळ ही सुतामुळे माळ असते, हे तत्त्वज्ञाने सांगितलेले सत्य त्याच भूमीखाली एका मुलाच्या गळ्यात दोन हजारांहून अधिक वर्षे पडून होते.

सातपुरापासून थोड्याच मैलांवर, नाशिक शहरात गोदावरीच्या काठी, मातीची गढी आहे. तेथे १९५०-५१ साली सांकलिया आणि शां. भा. देव ह्यांनी खणले तेव्हा वस्तीच्या थरांतून दगडाचे, काचेचे व मातीचे मणी मिळाले. सातवाहनांच्या काळी मणी हा दख्खनचा मोठा व्यापार होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या प्रवासग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदरास अकीकासारखे रंगीत दगड गाड्यांतून, बिकट वाटांनी, मोठ्या प्रमाणावर जात असत असे नमूद आहे. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत असे दगड तयार होतात व नद्या ते वाहून आणतात. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराच्या दानाचा लेख आहे. म्हणजे मणी करणारा माणूस त्या काळी धर्मकार्यास हातभार लावण्याइतका प्रतिष्ठित होता. परक्या वस्तूचा अलंकार करण्याची हौसही तेव्हाचीच: रोमन नाण्यांचे ठसे उमटविलेली मातीची पदके दख्खनमधील सातवाहनकालीन वसाहतींतून मिळाली आहेत. सोन्याचे नाणे ज्यास मिळाले नाही त्याने मातीत त्याचा छाप घेतला आणि गळ्यात घातला.

हीच हौस पुढे पुतळ्यांच्या माळेत दिसते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ सालापासून जे सोन्याचे डुकाट नाणे पाडले त्याच्या एका बाजूस संत मार्कापुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती आणि दुसऱ्या बाजूस येशू ख्रिस्त असे. शुद्ध सोन्याचे, साडेतीन ग्रॅमच्या आसपासचे हे नाणे समुद्रमार्गे आपल्याकडे आले. त्यावरील मनुष्याकृती पाहून आपल्या लोकांनी त्यास पुतळी म्हटले, आणि त्याची माळ करून ती सौभाग्यालंकारांत घेतली. व्हेनिसचे ते राज्य १७९७ साली बुडाले. पुतळ्यांची माळ मराठी घरांतून राहिली, आणि पुढे सोनारांनी पुतळीवर लक्ष्मीची आकृतीही उमटविली. सातपुराच्या जवळच आनंदवल्ली आहे. राघोबादादांच्या वास्तव्यामुळे आणि आनंदीबाईंच्या नावामुळे ती प्रसिद्ध झाली. त्या पेशवाईच्या काळात इराणी आखातातील मोत्यांचे तन्मणी आणि चिंचपेट्या वाड्यांतून मिरवत होत्या. एकंदरीत, ज्यास आपण अस्सल मराठी दागिना म्हणतो त्यात व्हेनिसचे नाणे, आखातातील मोती आणि आपल्या बांधावरचे बोर ही सारी एका दोऱ्यात आली आहेत.

वाड्यांच्या बाहेरचा इतिहास ह्याहून कमी नाही. त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगराळ मुलखातील महादेव कोळी, ठाकूर, वारली बायकांच्या गळ्यात काचमण्यांच्या माळा असत. एकोणिसाव्या शतकात त्यांतील बरेचसे मणी व्हेनिस आणि बोहेमिया येथून मुंबई बंदरात उतरून मण्यारांच्या पेट्यांतून बाजारोबाजार जात. तुळजापूरच्या देवीचे भक्त कवड्यांची माळ घालतात. व्यवहारात जिला आपण 'कवडीमोल' म्हणून झिडकारले ती कवडी भक्ताच्या गळ्यात मात्र सोन्याहून जड ठरली. आणि मराठी स्त्रीच्या गळ्यातील सर्वांत मोलाचा मणी कोणता? काचेचा काळा मणी! गरिबाघरी सोन्याच्या वाट्या नसल्या तरी काळी पोत असेच. तिच्यावाचून मंगळसूत्र नाही.

ह्या काळ्या पोतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण तिच्यावाचून मण्यांचा इतिहास अपुरा राहील. नवरा मेला की तिच्या गळ्यातील पोत तोडावयाची, हा क्रम आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या चालविला. सोने घरात राही, काचेचा मणी मात्र तुटे. म्हणजे ज्या वस्तूस बाजारात काही किंमत नव्हती तिच्यावरच आपण एका बाईचे माणूसपण टांगून ठेवले होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही व अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. दोरा तोडणे किती सोपे आणि तो तोडू न देणे किती कठीण, ह्याची साक्ष ह्या तारखेत आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की हा सर्व भावनेचा बाजार झाला. तोळ्याची निंदा करणाऱ्याने तोळा कशासाठी होता हे विसरू नये. आक्षेप रास्त आहे. ज्या काळी स्त्रीच्या नावे ना जमीन होती, ना बँकेचे खाते, त्या काळी तिच्या अंगावरील सोने हेच तिचे स्त्रीधन होते. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणाच्या वेळी तेच मोडून घरे उभी राहिली. ती बाई दागिना मोडताना रडली असेल, पण तिने तो मोडला हे योग्यच केले. आमचे म्हणणे इतकेच आहे की, गरजेपोटी मोडणे वेगळे आणि 'वजन भरत नाही' म्हणून मोडणे वेगळे. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवून केलेल्या मण्यात सोने थोडे आणि घडण फार; मोडताना सोन्याची किंमत येते, घडणावळ बुडते, आणि तो आकार पुन्हा जुळत नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण लागू होऊन चौदा कॅरेटांवरील नवे दागिने घडविण्यास मनाई झाली तेव्हा अनेक सोनारांची पोटे बुडाली. त्यासंबंधीचा १९६८ चा कायदा १९९० साली रद्द झाला खरा, परंतु मध्यंतरी हातची विद्या टाकून जे दुसऱ्या धंद्यास गेले ते सगळेच काही परत आले नाहीत. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपुरात कारखाने आले. ते आले हे चांगलेच झाले. पण पटवेकऱ्याचा मुलगा यंत्रावर गेल्यावर जुनी माळ ओवावयाची कुणी, हा प्रश्न घराघरांत उरला. आता काही बायका जुने काचमणी, नाणी, कवड्या, मोडक्या दागिन्यांतले सुटे मणी जमवून घरबसल्या नव्या माळा ओवतात. ह्यास कोणी नवी टूम म्हणो. आम्हांस तरी ते पटवेकऱ्याचेच काम नव्या हाती आलेले दिसते.

आपल्या चालीरीतींतही ह्याची एक गोड आठवण जिवंत आहे. संक्रांतीच्या थंडीत शेगडीवर परात ठेवून, तिळांवर अगर खसखशीवर पाकाचे थेंब सोडीत आणि बोटांनी हलवीत, काटेदार हलवा करतात. त्याच्या दाण्यांस दोऱ्यात गाठी मारून नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या मुलासाठी दागिने गुंफतात. तन्मणी, चिंचपेटी, मंगळसूत्र ही सारी नावे तेथे साखरेत उतरतात. ज्या घरातील खरा तन्मणी दोन पिढ्यांपूर्वीच मोडला गेला त्या घरातील सुनेस त्याचा आकार ठाऊक असतो तो ह्या हलव्यामुळे. कोणताही सराफ तो तोलणार नाही, आणि तरीही सुनेच्या पहिल्या सणास आपण तोच तिच्या गळ्यात घालतो.

सातपूरच्या त्या बोरमाळेचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. सून आजींजवळ बसून गाठविणे शिकली. पहिल्या दोन गाठी सैल पडल्या, त्या आजींनी उसवावयास लावल्या. सराफाने चेपलेला मणी पुन्हा वापरण्याजोगा राहिला नव्हता. त्याच्या जागी डब्यातील एक तांबडा अकीक घातला. बोरमाळेत अकीक शोभत नाही, असे घरातील कुणीसे म्हणाले. आजी म्हणाल्या, "असू दे. तो का आला ते सांगायला तू आहेस ना?"