स्टार्टर, चार्जर, इन्व्हर्टर बनवताय? टेस्टिंगचा मोठा एसी सोर्स घेताना काय पाहावं

खारघर (ता. पनवेल) : शेतातली मोटर जळाली की रिवाइंडिंगवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, व्होल्टेज किती होतं? डीपीजवळच्या घरात २४० आणि वस्तीच्या टोकाला १७०-१८०, हे गावोगाव चालतं. मानकाप्रमाणे सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्ट, त्यात १० टक्के कमी-जास्त, म्हणजे २०७ ते २५३. पण वस्तू विकली जाते ती या हद्दीबाहेरच्या गावातही. म्हणून डब्यावर '१६० ते २६० व्होल्टवर चालेल' असं छापलेलं असतं. ते खरं की खोटं, हे घरातल्या प्लगवर कळत नाही. प्लग त्या वेळी जे व्होल्टेज असेल तेच देतो.

इथे एसी सोर्स लागतो. हे यंत्र सांगाल ते व्होल्टेज, सांगाल ती फ्रिक्वेन्सी, सांगाल तेवढा वेळ देतं. १६० व्होल्टवर दहा मिनिटं, मग अर्ध्या सेकंदासाठी लाइट गुल, मग एकदम २६०. गावात महिन्यात जे घडतं ते टेबलावर एका दुपारी करून बघता येतं. खारघरला लागूनच तळोजा एमआयडीसी आहे. स्टार्टर, पॅनल, चार्जर बनवण्याचं छोटं युनिट टाकायचा विचार करणाऱ्यांना हा खर्च कधी ना कधी समोर येतोच, आणि चुकीचा सोर्स घेतला तर पैसे अडकून पडतात.

सुरुवातीच्या करंटचा हिशेब आधी

मोठी चूक होते ती इथे. ५ एचपी मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट, मग ६ केव्हीएचा सोर्स पुरेल, असं वाटतं. चालू मोटरला तो पुरतोही. ४०० व्होल्ट थ्री फेजवर ती साधारण ८ अँपिअर घेते. पण डायरेक्ट सुरू करताना हीच मोटर काही क्षण सहापट, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर ओढते. त्या क्षणाला ३० केव्हीएच्या वर मागणी जाते.

सोर्स लहान असेल तर दोनपैकी एक होतं. एकतर तो ट्रिप होतो, नाहीतर करंट दाबून धरतो आणि व्होल्टेज खाली बसतं. मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० ची मोटर १८० व्होल्टवर सुरू केली तर सुरुवातीची ताकद ६१ टक्क्यांवर येते. तुम्ही १८० वर चाचणी घेतोय असं समजता आणि सोर्स प्रत्यक्षात १४० देत असतो. मग स्टार्टर नापास की सोर्स नापास, कोण सांगणार? म्हणून विकणाऱ्याला 'किती केव्हीए' एवढंच विचारू नका, काही सेकंदांपुरता जास्तीत जास्त करंट किती ते लेखी घ्या.

एलईडी ड्रायव्हर आणि मोबाइल-लॅपटॉप चार्जरचं दुखणं वेगळं. ते करंट सलग घेत नाहीत, लाटेच्या टोकावर हिसका मारून घेतात. साध्या हीटरमध्ये टोकाचा करंट आरएमएस करंटच्या १.४ पट असतो, स्वस्त चार्जरमध्ये तिप्पट किंवा जास्तही. याला क्रेस्ट फॅक्टर म्हणतात. माहितीपत्रकात तो ३ च्या आसपास तरी असावा.

रेंजची गोम

आता जाहिरातीतली गोम. '९ केव्हीए थ्री फेज' म्हणजे प्रत्येक फेजला ३ केव्हीए. त्याची रेंज ३०० व्होल्ट असेल तर फेजमागे फक्त १० अँपिअर. तुमचं काम २३० व्होल्टवर, म्हणजे हातात आले २.३ केव्हीए. उरलेलं कागदावर राहिलं. आपल्या चालू व्होल्टेजला किती अँपिअर मिळतात, हाच आकडा खरा.

फ्रिक्वेन्सी बदलायची गरज आहे का, हेही आधी ठरवा. माल देशातच विकायचा तर ५० हर्ट्झ पुरे. व्होल्टेज वर-खाली करून बघण्यापुरतं काम असेल तर थ्री फेज व्हेरियाक, ज्याला बाजारात डिमर म्हणतात, बऱ्याच कमी पैशांत भागवतो आणि मोटरचा झटकाही बरा सोसतो. मात्र तो लाइनमधली खराब लाट तशीच पुढे पाठवतो आणि मिलिसेकंदाचा झटका देऊ शकत नाही. हार्मोनिक्सच्या चाचणीला तो चालत नाही, तिथे सोर्सची स्वतःची लाट स्वच्छ लागते. अमेरिकेला माल जाणार असेल तर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ हवेत, आणि मग इलेक्ट्रॉनिक सोर्सला पर्याय नाही.

छतावरच्या सोलरचा ग्रिडला जोडणारा इन्व्हर्टर तपासायचा असेल तर आणखी पुढचं यंत्र लागतं. इन्व्हर्टर वीज घेत नाही, उलट ढकलतो. साधा सोर्स ती परत आलेली वीज पचवू शकत नाही, बिघडतो. त्याला रिजनरेटिव्ह सोर्स किंवा ग्रिड सिम्युलेटर म्हणतात. महावितरणची लाइन बंद झाल्यावर इन्व्हर्टर २ सेकंदांच्या आत बंद झाला पाहिजे, ही आयएस १६१६९ ची चाचणी आहे. तो चालूच राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतं. या चाचणीत जुगाड नको.

आणखी एक खर्च लोक विसरतात. ३० केव्हीएचा सोर्स पूर्ण लोडवर चालवायला त्याहून थोडं जास्त क्षमतेचं थ्री फेज कनेक्शन लागतं. कोकणातल्या पावसात ओल आणि शेडमधली धूळ यांपासून तो जपावा लागतो. अर्थिंग पक्कं आणि हाताशी लाल इमर्जन्सी बटण हवंच.

विकत घ्यायलाच हवा का? महिन्यातून दोन-चार वेळाच लागणार असेल तर नाही. घरी व्हेरियाक ठेवा आणि पक्क्या चाचणीला लॅबमध्ये जा. खारघरमध्ये केंद्र सरकारच्या 'समीर' संस्थेचा परिसर आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मायक्रोवेव्ह आणि ईएमआय-ईएमसी क्षेत्रात काम करते. अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल (पश्चिम), तर वाहनांच्या कामासाठी पुण्यात एआरएआय आहे. माल घेऊन जाण्याआधी फोन करून तुमची चाचणी, तेवढ्या करंटची, तिथे होते का आणि ती एनएबीएल मान्यतेत येते का, हे विचारा. आयएसआय मार्क हवा असेल तर लॅबला बीआयएसची मान्यता लागते.

जुना सोर्स मिळत असेल तर कॅलिब्रेशनचं ताजं प्रमाणपत्र मागा. आणि तो रिकामा चालवून बघू नका. स्वतःची मोटर टेम्पोत घालून न्या, तिथेच तीन-चार वेळा सुरू-बंद करा आणि मीटर आपला लावा.