बाळंतिणीचे सात आठवडे

थोरांच्या स्मरणाची आपली रीत ठरलेली आहे. तसबिरीला हार घालावा, चार शब्द बोलावे आणि घरी जावे. परंतु काहींचे ऋण हाराने फिटत नाही. त्यांचा अपुरा राहिलेला वाद पुढे चालवावा लागतो. गिरणीत राबणाऱ्या बाळंतिणीसाठी ज्यांनी कायदा मागितला, त्यांचे ऋण या जातीचे आहे.

1920 च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारणपणे पाच कामगारांत एक स्त्री होती. वायंडिंग आणि रीलिंग या खात्यांत बायकांचा भरणा अधिक. त्यांच्यावर हुकमत नायकिणीची. घरी बसले की मजुरी बंद, म्हणून दिवस भरत आले तरी बाई कामावर उभी राही आणि अंग सावरण्यापूर्वीच परत येई. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबई सरकारच्या वतीने या स्थितीची पाहणी केली. त्यांचा अहवाल 1922 साली प्रसिद्ध झाला. आई कामावर गेल्यावर मूल निजून राहावे म्हणून त्याला अफू देण्याची चाल किती सर्रास होती, हे त्यात नोंदलेले आहे. ही चाल मातेच्या निर्दयपणातून आलेली नव्हती, तिच्या निरुपायातून आली होती. मजुरी बुडवावी की मूल गुंगवावे, एवढीच निवड तिच्यापुढे होती.

यावरचा उपाय जगाला ठाऊक नव्हता असे नाही. 1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे विश्रांतीचा ठराव केला. या काळातील मदत सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून द्यावी, असेही ठरावात होते. त्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी हजर होते. परत आल्यावर त्यांनी हा विषय सोडला नाही. 1924 साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले.

मग मुंबईच्या कौन्सिलात आसवले यांनी असेच विधेयक मांडले. 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. तथापि सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला मोकळे सोडण्यास ते तयार नव्हते. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा काही भार त्यानेही सोसला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

1929 साली कायदा झाला. अशा प्रकारचा हा हिंदुस्थानातील पहिला. प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार, असे सात आठवडे आणि मुंबईत रोजी आठ आणे. आज ही रक्कम क्षुल्लक वाटते; परंतु बाळंतीण घरी बसली तरी तिची चूल पेटली पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याच्या पुस्तकात प्रथम शिरले.

मात्र पैसे द्यायचे ते त्या त्या गिरणीनेच. पुढील काळात गिरण्यांतून बायकांची संख्या घटत गेली. रात्रपाळीची बंदी, खात्यांतील फेरबदल अशी इतरही कारणे होती. परंतु बाळंतपणाचा खर्च नको म्हणून बाईच नको, हा हिशेबही त्यांत होता. भार कोणी उचलावा हा बाबासाहेबांचा प्रश्न किती मर्माचा होता, ते यावरून ध्यानी येते.

1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने विम्याची वाट धरली. परंतु 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने विम्याबाहेरील स्त्रियांचा भार पुन्हा मालकावर ठेवला. 2017 साली रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, ही आनंदाची गोष्ट. पण पगार देणारा तोच राहिला. आणि शेतमजूर बाई, धुणीभांडी करणारी बाई यांना तर तो हिशेब लागूही पडला नाही.

जोशी 1955 साली गेले, बाबासाहेब 1956 साली. मूल समाजाचे असेल तर त्याच्या जन्माचा खर्च एकट्या आईने अथवा एकट्या धन्याने का सोसावा? हा प्रश्न ते आपल्या पदरात टाकून गेले आहेत. आपल्या घरी भांडी घासणारी बाई बाळंतपणाला जाते, तेव्हा तिचा महिना आपण कापतो की नाही, येथूनच उत्तराला आरंभ करू या.