सीसीच्या आकड्यापलीकडे

जुन्या आराखड्यावरून मॉडेल विमान बांधणारे हौशी लोक इंजिन निवडताना आधी सीसीचा आकडा बघतात. आराखड्यात १० सीसी म्हटलंय, मग आजचं १० सीसीचं कुठलंही इंजिन चालेल, असा सरळ हिशेब. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊनचं ‘ब्राऊन ज्युनियर’ इंजिन साधारण १० सीसीचंच होतं. १९३३ साली मॅक्सवेल बॅसेटने न्यूयॉर्कमधल्या राष्ट्रीय मॉडेल विमान स्पर्धेत त्याच्या जोरावर रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना इतकं मागे टाकलं, की पुढे पेट्रोलवाल्यांचा गटच वेगळा करावा लागला. पण या इंजिनाला ठिणगी लागे आणि ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटऱ्या असा सगळा पसारा विमानातच न्यावा लागे. त्याचं ओझं जवळपास इंजिनाइतकंच. म्हणून विमानं मोठी झाली, पंख रुंद झाले आणि पुढे हातभर लांबीचा प्रोपेलर संथपणे फिरू लागला. ते विमान सीसीला नव्हे, या वजनाला आणि या संथपणाला बेतलेलं होतं.

१९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला आणि हे गणित मोडलं. प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीने स्वतःच तापलेली राहते. बॅटरी फक्त सुरू करताना लागते. ओझं गेलं, फेरे वाढले, प्रोपेलर आखूड झाला. असं इंजिन १९३०च्या दशकातल्या विमानाला लावलं तर तोल सांभाळायला नाकात शिसं भरावं लागतं. आणि पूर्ण जोर दिला तर हलक्या काड्यांच्या त्या पंखांना तो वेग पेलत नाही. थ्रॉटल कमी ठेवला की झालं, असं यावर म्हटलं जातं. त्याने जोर कमी होतो हे खरं, पण आखूड प्रोपेलरचा स्वभाव बदलत नाही. लांब प्रोपेलर लावावा, तर जलद फेऱ्यांसाठी घडवलेलं इंजिन कण्हत तापतं. म्हणून अशा विमानाला त्या काळचंच इंजिन लावावं. नवंच हवं असेल तर १९७६ च्या ओएस एफएस-६० पासून रुळलेली चार-स्ट्रोक इंजिनं बरी. ती लांब प्रोपेलर सावकाश ओढतात. छोट्या विमानांना १९४६ चं इंग्रजी मिल्स १.३ डिझेल शोभतं. त्याला ठिणगीचा पसाराच नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल एवढ्यावर ते चालतं.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्राऊनसारखी जुनी, दुर्मिळ इंजिनं झिजवायची कशाला, कपाटात ठेवावीत. पण झीज बहुतेकदा चुकीच्या इंधनाने होते. ब्राऊन ज्युनियरच्या पिस्टनला रिंग नसते. दाट तेलाचा थरच दाब धरून ठेवतो. तीन भाग पेट्रोलला एक भाग जाड तेल, हे त्याचं मूळ खाद्य. मिथेनॉल त्याला देऊ नये. ठिणगी पाडणारे संपर्क-पॉइंट स्वच्छ ठेवले आणि ठिणगीचा दांडा सुरू करताना मागे घेतला, तर ते आजही चालतं. कपाटातलं इंजिन आपला आकार दाखवतं. त्या काळची विमानं एवढी मोठी का होती, हे ते उडवल्याशिवाय कळत नाही.