चित्र आणि चित्राखालची ओळ : खानदेशविषयक सचित्र ग्रंथांची परंपरा

सचित्र ग्रंथाचा विचार मराठी समीक्षेने बहुधा मजकुराच्या अंगानेच केला आहे. चित्र हे मजकुराचे प्रसाधन, अशी त्यामागची धारणा दिसते. वस्तुतः अशा ग्रंथात दोन संहिता एकत्र नांदतात : एक चित्राची, दुसरी चित्राखालच्या ओळीची. कला, इतिहास वा पाकक्रिया यांविषयीच्या प्रादेशिक ग्रंथात ही दुसरी संहिता निर्णायक ठरते. कारण चित्रातील वस्तू कोणाची आणि कोणत्या परंपरेतील, हे तीच सांगते. खानदेशाच्या बाबतीत ही ओळ दीर्घकाळ प्रदेशाबाहेर लिहिली गेली.

या इतिहासाचा आरंभ खानदेशाच्या सीमेवर होतो. अजिंठा तत्कालीन निजामी मुलखात असले, तरी त्याची वाट खानदेशातून जाई. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात अनेक वर्षे वेचली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांपैकी बहुतेक प्रतिकृती 1866 च्या आगीत नष्ट झाल्या. टिकली ती छायाचित्रे. जेम्स फर्ग्युसन यांच्या कोरीव लेण्यांविषयीच्या 1864 च्या ग्रंथात गिल यांची 74 छायाचित्रे आहेत. येथील श्रमविभागणी अर्थपूर्ण आहे : लेण्यांजवळ राहणारा चित्र टिपतो, त्याचे विवेचन मात्र स्थापत्याच्या इतिहासाचा अभ्यासक लंडनमध्ये करतो. 1879 मध्ये निधन पावलेल्या गिल यांची कबर भुसावळला आहे. त्यांचे ग्रंथ मात्र खानदेशी वाचकाच्या आवाक्यात कधीच नव्हते.

प्रत्यक्ष धुळे जिल्ह्यातील अवशेषांना सचित्र ग्रंथात ठळक स्थान मिळाले ते हेन्री कझेन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील 1931 च्या ग्रंथात. साक्री तालुक्यातील बलसाणे येथील मंदिरे तेथे अंबरनाथ, सिन्नर यांच्या पंक्तीत येऊन बसतात. हा लाभ सामान्य नव्हे. छायाचित्रे आणि आराखडे यांच्या आधारे तुलना करणे त्यामुळे शक्य झाले. परंतु अशा सर्वेक्षणाच्या योजनेत मंदिर हे शैलीचे उदाहरण असते. त्याच्या परिसरातील वस्ती, बोली आणि देवकार्ये यांना त्या चौकटीत जागा नसते.

याच काळात धुळ्यात इतिहासाची अगदी वेगळी साधना चालू होती. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड सिद्ध केले. 1926 च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. या परंपरेचा विश्वास अक्षरावर होता. पत्र, महजर, ताम्रपट यांचा पाठ शुद्ध असावा, तारीख जुळावी, नाव आणि गाव ओळखता यावे, ही तिची शिस्त. मंडळाने मूर्ती, चित्रे आणि हस्तलिखितेही जमवली. तरी तिचा खरा वारसा पाठचिकित्सेचा राहिला. परिणामी एकाच प्रदेशात दोन परंपरा समांतर वाहत राहिल्या : चित्रे छापणारी परंपरा स्थानिक शब्दाला पारखी, आणि शब्द जपणारी परंपरा चित्राविषयी उदासीन.

छायाचित्र आपोआप पुरावा ठरते, हा समज चाळीसगावच्या केकी मूस (1912–1989) यांच्या कामापुढे टिकत नाही. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तू आणि प्रकाशयोजना यांतून ते विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण करीत. ही छायाचित्रे खानदेशात घडली, परंतु ती खानदेश ‘दाखवत’ नाहीत. तेव्हा स्थळ आणि चित्र यांचे नाते स्वयंसिद्ध नाही. ते शब्दाने प्रस्थापित करावे लागते.

पाकक्रियेच्या ग्रंथांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याच्या मापाने पाकज्ञान घराबाहेरच्या वाचकापर्यंत नेले. चित्रमय पाकपुस्तकांचा भर मात्र सजवलेल्या ताटावर असतो. आखाजीला आमरसासोबत वाढल्या जाणाऱ्या खापरावरच्या पुरणपोळीचे उदाहरण घ्यावे. तिचे मर्म ताटात नसून कृतीत आहे : पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवीत पोळी पातळ करीत नेणे, आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या खापरावर ती अलगद टाकणे. ताटातील पोळीच्या छायाचित्रात हे काहीच उरत नाही. खाली ‘महाराष्ट्रीय पक्वान्न’ एवढेच छापले, तर खापर, आखाजी आणि ते कसब जपणाऱ्या स्त्रिया या तिन्ही गोष्टी एकदमच नाहीशा होतात.

यावरून सचित्र ग्रंथ प्रदेशाचे विकृतीकरणच करतो, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. गिल यांनी टिपलेली लेणी आणि कझेन्स यांची बलसाणे येथील मंदिरे हा आज मूल्यवान पुरावा आहे. उणीव चित्रांत नाही, त्यांच्या नामनिर्देशात आहे. राजवाड्यांच्या परंपरेने कागदाला जी चिकित्सा लावली (तो कोणी, कोणासाठी, कोठे आणि केव्हा सिद्ध केला), तीच चित्राला लावता येते. त्या चिकित्सेत ग्रंथालयातील तज्ज्ञाइतकाच अहिराणी बोलणाऱ्या स्वयंपाकिणीचा शब्दही प्रमाण मानावा लागेल. तसे झाले, तर प्रदेश चित्राचा केवळ विषय राहणार नाही. चित्राखालची ओळ लिहिण्याचा त्याचा अधिकारही मान्य होईल.